वस्ती सुधारते, भाडं वाढतं, माणसं जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहरातली एखादी जुनी वस्ती बघता बघता मागणीत येते, तिथली भाडी चढत जातात आणि ज्यांनी ती वस्ती नांदती ठेवली त्यांनाच तिथे राहणं परवडेनासं होतं. हा विषय निघाला की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काही धास्तावलेल्या भाडेकरूंचे असतात, काही नव्याने राहायला आलेल्यांचे, काही ‘यात वाईट काय?’ असं विचारणाऱ्यांचे. त्यांची जमतील तेवढी सरळ उत्तरं इथे दिली आहेत. माझी बाजू आधीच सांगून ठेवते: वस्त्या सुधारल्याच पाहिजेत, पण तिथे राहणाऱ्यांचं राहणं आधी पक्कं करून.

जेंट्रिफिकेशन म्हणजे नेमकं काय?

कमी उत्पन्नाच्या लोकांच्या वस्तीत जास्त उत्पन्नाचे लोक आणि मोठं भांडवल येऊ लागतं. घरं दुरुस्त होतात किंवा पाडून नव्याने बांधली जातात, भाडी वाढतात, दुकानं बदलतात आणि काही वर्षांत तिथला रहिवासीच बदललेला दिसतो. या सगळ्या प्रक्रियेला जेंट्रिफिकेशन म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या कामगार वस्त्यांबद्दल लिहिताना तिचं वर्णन केलं. इझ्लिंग्टनसारख्या भागात जुनी मोठी घरं खोल्या-खोल्यांनी भाड्याने दिलेली होती. मध्यमवर्गीय कुटुंबं ती विकत घेऊन पुन्हा एकेका कुटुंबाची करत होती आणि आधीचे भाडेकरू बाहेर पडत होते. एकदा हे सुरू झालं की मूळ रहिवासी जवळजवळ सगळे जाईपर्यंत थांबत नाही, हे ग्लास यांचं निरीक्षण होतं. साठ वर्षांत ठिकाणं बदलली, पैसा कुठून येतो ते बदललं, पण घटनांचा क्रम फारसा बदललेला नाही.

भाडी वाढण्यामागचं खरं कारण कोणतं? लोकसंख्या, हाव, की घरांचा तुटवडा?

कोणतंही एकच कारण धरून बसलं तर उत्तर चुकतं. तुटवडा खरा आहे: नोकऱ्या शहरात वाढतात आणि घरं त्या वेगाने बांधली जात नाहीत. पण तुटवडा शहरभर असतो, मग एखाद्याच वस्तीत भाडी अचानक का उसळतात? याचं सगळ्यात पटणारं उत्तर भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये दिलं. एखाद्या जमिनीतून आज मिळणारं उत्पन्न आणि तिचा जास्तीत जास्त फायद्याचा वापर केला तर मिळू शकणारं उत्पन्न, या दोहोंतली तफावत त्यांनी पाहिली. घरमालक वर्षानुवर्षे दुरुस्ती करत नाहीत, बँका त्या भागाला कर्ज देत नाहीत, पालिका रस्त्यांकडे बघत नाही. त्यामुळे जमीन स्वस्त होत जाते आणि तफावत रुंदावते. ती पुरेशी रुंद झाली की भांडवल परत येतं, कारण आता नफा तिथेच असतो.

ही मांडणी मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे दुर्लक्ष आणि तेजी या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. ज्या रहिवाशांनी गळकी छपरं आणि तुंबलेली गटारं सोसत तीस वर्षं काढली, त्यांच्या त्या सोसण्यातूनच जमीन स्वस्त राहिली होती. फायद्याची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनाच जागा खाली करायला सांगितलं जातं.

यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक भर पडली. घर ही राहण्याची जागा असण्याबरोबरच जगभरच्या गुंतवणूक निधींसाठी पैसे ठेवण्याची तिजोरी झाली. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेत कर्ज फेडता न आल्यामुळे जप्त झालेली घरं मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी विकत घेतली आणि भाड्याने दिली. स्पेनमध्येही तसंच झालं. अशा मालकाला भाडेकरू चेहऱ्याने माहीत नसतो. त्याच्यासमोर फक्त दर तिमाहीचा परतावा असतो.

आमच्या भागात हे सुरू झालंय का, ते कसं ओळखायचं?

भाडं सगळ्यात शेवटी बोलतं, त्याआधीच्या खुणा बघाव्यात. एकाच रस्त्यावरच्या अनेक इमारती थोड्या काळात विकल्या जाणं. रिकामी झालेली खोली लगेच भाड्याने न देता मोकळी ठेवणं. भाडेकरार पूर्वी आपोआप नव्याने होत असेल आणि आता मालक ‘बघू’ म्हणू लागला असेल तर ते. दुरुस्तीच्या तक्रारींना अचानक उत्तर येणं बंद होणं, किंवा उलट, कोणी न मागता इमारतीला रंगरंगोटी सुरू होणं. सूटकेस घेऊन दोन-दोन दिवसांसाठी येणारे अनोळखी लोक जिन्यात दिसणं. जमिनीच्या वापराचे नियम बदलण्याची जाहीर सूचना निघणं, ही सगळ्यात मोठी खूण. ती बहुतेक वेळा कोणी वाचत नाही.

पण वस्ती सुधारली तर त्यात वाईट काय? रस्ते चांगले होतात, गुन्हे कमी होतात.

काहीच वाईट नाही. जुन्या रहिवाशांना चांगले रस्ते, उजेड, बाग, शाळा नको असतात असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. बहुतेक ठिकाणी त्यांनीच त्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज केलेले असतात. दुखणं इतकंच की सुधारणा येते तेव्हा तिचा लाभ घ्यायला ते तिथे उरत नाहीत.

न्यूयॉर्कच्या हाय लाइनचं उदाहरण इथे बारकाईने बघण्यासारखं आहे. बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर केलेली ही बाग २००९ मध्ये खुली झाली. त्याआधी २००५ मध्येच आजूबाजूच्या भागातले बांधकामाचे नियम बदलून उंच निवासी इमारतींना वाट करून दिली होती. बाग जगभर गाजली आणि तिच्या कडेने अतिशय महागडी घरं उभी राहिली. बाग ज्यांच्या पुढाकाराने झाली त्यांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनीच २०१७ मध्ये मान्य केलं की शेजारच्या गरीब रहिवाशांच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. बाग कशी दिसावी हे विचारलं, पण तुम्हाला काय हवंय हे विचारलं नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

याच गोष्टीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. हाय लाइनला लागून सरकारी मालकीच्या जुन्या वसाहती आहेत आणि तिथलं भाडं बाजाराच्या नव्हे, कुटुंबाच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतं. त्यामुळे शेजारच्या इमारतींचे भाव कुठल्या कुठे गेले तरी केवळ बागेमुळे या कुटुंबांचं भाडं वाढलं नाही. बाग तीच, रस्ता तोच, पण ज्यांचं राहणं आधीपासून पक्कं होतं ते राहिले.

तेव्हा बाग करायची की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. बागेचा आराखडा मंजूर होण्याआधी भोवतालच्या भाडेकरूंचं काय ठरलं, हे विचारलं पाहिजे. जमीन स्वस्त असते तेव्हाच तिथे परवडणाऱ्या घरांसाठी जागा घेऊन ठेवता येते. उद्घाटनानंतर तीच जमीन घ्यायला कोणत्याच पालिकेचा खजिना पुरत नाही.

काही अभ्यास म्हणतात की गरीब लोक अशा वस्त्यांतून फारसे बाहेर जातच नाहीत. मग एवढी ओरड कशाला?

असे अभ्यास आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्राकोनी यांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या नव्वदच्या दशकातल्या आकडेवारीवरून दाखवलं की सुधारणाऱ्या वस्त्यांतली गरीब कुटुंबं इतर वस्त्यांतल्या गरीब कुटुंबांपेक्षा कमी प्रमाणात घर सोडत होती. कारण समजण्यासारखं आहे. परिसर बरा होत असताना कोणाला जावंसं वाटेल? लोक दाटीवाटीने राहतात, उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग भाड्यात घालतात, पण टिकून राहायला बघतात. शिवाय त्या शहरात मोठ्या संख्येने घरांच्या भाड्यावर कायद्याचं नियंत्रण होतं, हेही विसरून चालत नाही.

पण बाहेर किती गेले, एवढंच मोजून चित्र पूर्ण होत नाही. नियोजनतज्ज्ञ पीटर मार्क्युझ यांनी १९८५ मध्येच विस्थापनाचे वेगवेगळे प्रकार सांगितले होते. एक, आज राहणाऱ्या कुटुंबाला थेट निघावं लागणं. दुसरं, त्याच्याही आधी राहून गेलेल्यांचं निघणं, जे शेवटच्या भाडेकरूपुरतं मोजलं की दिसतच नाही. तिसरं, घर आपणहून रिकामं झालं तरी त्याच आर्थिक स्तरातलं दुसरं कुटुंब तिथे येऊ न शकणं. आणि चौथं म्हणजे दबाव: ओळखीची दुकानं बंद होतात, नातेवाईक एकेक करून जातात, आणि माणूस अजून राहत असला तरी ‘आपलीही पाळी येणार’ म्हणून जगत असतो.

तिसरा प्रकार सगळ्यात शांतपणे घडतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करतो. कोणाला हाकललं जात नाही, नोटीस निघत नाही, कोर्टात नोंद होत नाही. फक्त त्या वस्तीत वाढलेल्या मुलीला लग्नानंतर किंवा नोकरी लागल्यावर आईवडिलांच्या जवळ घर मिळत नाही.

जे जातात ते कुठे जातात?

बहुधा शहराच्या कडेला, जिथे भाडं कमी आणि प्रवास लांब असतो. घरभाड्यात जे वाचतं त्यातलं बरंचसं प्रवासात जातं, आणि वेळ जातो तो वेगळाच. घरकाम, सफाई, रुग्णसेवा, स्वयंपाक अशी कामं करणाऱ्यांना पहाटे आणि रात्री उशिरा प्रवास करावा लागतो, आणि त्याच वेळी बस-गाड्या कमी असतात. मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच बदलते. आजी-आजोबा एकीकडे आणि नातवंडं दुसरीकडे झाली की मुलं सांभाळण्याचा खर्च नव्याने सुरू होतो. अडीनडीला पैसे देणारी, दवाखान्यात सोबत येणारी, किल्ली सांभाळणारी शेजारची माणसं एका दिवसात नाहीशी होतात. त्यांची भरपाई कोणत्याही पुनर्वसनाच्या रकमेत धरलेली नसते. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत शहर-नूतनीकरणाच्या नावाखाली वस्त्या पाडल्या गेल्या. त्यांतून उठवलेल्या लोकांचा अभ्यास मनोविकारतज्ज्ञ मिंडी फुलिलव्ह यांनी केला, आणि या आघाताचे परिणाम दशकांनंतरही टिकलेले त्यांना दिसले.

भाड्यावर किती खर्च झाला म्हणजे ‘परवडत नाही’ म्हणायचं?

जगभर सर्रास वापरली जाणारी मर्यादा उत्पन्नाच्या ३० टक्क्यांची आहे. ती मुळात अमेरिकेच्या सरकारी घरांच्या कायद्यातून आली: १९६९ मध्ये भाडेकरूच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा ठरली आणि १९८१ मध्ये ती ३० वर नेली गेली. हा ढोबळ अंदाज आहे, त्याहून जास्त नाही. भरपूर कमावणाऱ्याने ४० टक्के दिले तरी उरलेल्यात त्याचं नीट भागतं. अगदी थोडं कमावणाऱ्याचे ३० टक्के गेले तर औषध की शाळेची फी, अशी निवड करावी लागते. म्हणून टक्केवारीबरोबर भाडं देऊन हातात किती उरतं हेही बघावं.

मी स्वतःच अशा वस्तीत नव्याने राहायला आलोय. दोष माझा आहे का?

नाही. तुम्हीही बहुधा आणखी महाग भागातून बाहेर पडूनच इथे आला आहात. कलाकार आणि तरुण नोकरदार यांच्यावर खापर फोडणं सोपं असतं, कारण ते डोळ्यांसमोर दिसतात. न्यूयॉर्कच्या सोहो भागात रिकाम्या कारखान्यांत चित्रकार राहू लागले, १९७१ मध्ये त्यांच्या राहण्याला कायदेशीर मान्यता मिळाली, आणि पुढे त्याच भागाच्या किमती अशा वाढल्या की बहुतेक चित्रकारांनाही तिथे राहणं अशक्य झालं. जमिनीचे नियम, कर आणि कर्ज कोण ठरवतं, ते बघा. जबाबदारीची जागा तिथे आहे.

तरीही हातात काही गोष्टी असतात. तुमच्या आधीच्या भाडेकरूने किती भाडं दिलं होतं ते विचारा आणि शेजाऱ्यांना सांगा. मालकाला जे गुपित ठेवायचं असतं ते नेमकं हेच असतं. भाडेकरूंच्या संघटनेत सामील व्हा, पण पहिल्याच बैठकीत अध्यक्ष होऊ नका. वर्षानुवर्षे त्या गल्लीत होत आलेल्या आवाजाबद्दल, गर्दीबद्दल पोलिसांना फोन करण्याआधी दार वाजवून बोला.

नवी घरं बांधली की भाडी उतरतात, हे खरं आहे का?

बरंचसं खरं आहे, आणि भाडेकरूंच्या बाजूने बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने २०१६ मध्ये शहराच्या बहुतांश निवासी जमिनीवर जास्त दाट बांधकामाला परवानगी दिली. त्यानंतर बांधकाम परवाने झपाट्याने वाढले आणि भाडेवाढीचा वेग आटोक्यात राहिला. अमेरिकी शहरांच्या अभ्यासांतही नव्या मोठ्या इमारतीच्या अगदी जवळची भाडी थोड्या लांबच्या भाड्यांच्या तुलनेत सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी कमी राहिलेली आढळली. जास्त पैसेवाले नव्या इमारतीत गेले की त्यांची जुनी घरं मोकळी होतात आणि साखळीने खालपर्यंत थोडी जागा होते.

पण ही साखळी हलायला वर्षं लागतात, आणि भाडेकरूची नोटीस महिन्या-दोन महिन्यांची असते. शिवाय नवं घर कुठे बांधलं जातंय याला फार महत्त्व आहे. मोकळ्या मैदानावर, बंद कारखान्याच्या जागेवर किंवा श्रीमंतांच्या बंगल्यांच्या भागात बांधलं तर शहराची घरं वाढतात. स्वस्त भाड्याची भरलेली इमारत पाडून त्या जागी कमी आणि मोठे फ्लॅट केले तर नव्या बांधकामाचा आकडा वाढल्यासारखा दिसेलही, पण राहण्याजोगी स्वस्त घरं घटलेली असतात. धोरण आखणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. पैसेवाल्या वस्तीतला विरोध मोठ्या आवाजाचा असतो, म्हणून बांधकामाची परवानगी दुबळ्या वस्तीकडे सरकते.

भाडेनियंत्रण चालतं की नुकसान करतं?

दोन्ही. कोणतं भाडेनियंत्रण, हे विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९९४ साली भाडेनियंत्रण १९८० पूर्वीच्या लहान इमारतींनाही लागू झालं. रिबेका डायमंड, टिम मॅक्वेड आणि फ्रँकलिन चियान यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे परिणाम मोजले. ज्यांना संरक्षण मिळालं ते भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकून राहण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी वाढली. वयस्कर आणि जुन्या भाडेकरूंना विशेष फायदा झाला. पण या इमारतींच्या मालकांनी भाड्याची घरं विक्रीच्या फ्लॅटमध्ये बदलली, काहींनी पाडून नवी बांधली, आणि त्यांच्याकडची भाड्याची घरं १५ टक्क्यांनी घटली. त्यामुळे शहरातली एकूण भाडी सुमारे ५ टक्क्यांनी वाढली.

विरोधक यातला दुसरा भाग सांगतात, समर्थक पहिला. मला यातून दिसतं ते असं की माणसांना टिकवण्याचं काम भाडेनियंत्रणाने केलं आणि नुकसान कायद्यातल्या पळवाटेने केलं. भाड्याचं घर बाजारातून काढून विकण्याची मोकळीक ठेवली नसती, तर हिशेब वेगळा झाला असता. दुसरी पळवाट म्हणजे भाडेकरू गेला की भाडं हवं तेवढं वाढवण्याची मुभा. कॅलिफोर्नियात १९९५ पासून राज्याच्या कायद्यानेच ती दिलेली आहे. अशा नियमात जुना भाडेकरू जितकी वर्षं राहतो तितका तो मालकाला नकोसा होत जातो.

बर्लिनचा अनुभव आणखी वेगळा धडा देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या राज्य सरकारने सुमारे १५ लाख घरांची भाडी पाच वर्षांसाठी गोठवली. एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला, कारण हा अधिकार राज्याचा नसून केंद्राचा होता. या कायद्यामुळे भाडेकरूंनी जेवढं भाडं कमी भरलं होतं, ते त्यांना मालकांना भरून द्यावं लागलं. मधल्या काळात भाड्याच्या घरांच्या जाहिराती कमी झाल्या होत्या, त्यामुळे घर शोधणाऱ्यांचेही हाल झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोठ्या गृहकंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत या प्रस्तावाला सार्वमतात निम्म्याहून अधिक मतं पडली. ते सार्वमत सरकारवर बंधनकारक नव्हतं, पण लोकांचा धीर सुटत आल्याचं त्यातून स्पष्ट दिसलं.

पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरं एवढी त्रासदायक असतात का?

ज्या भागात पर्यटक दाट असतात तिथे, हो. रात्रीच्या हिशेबाने महिन्याच्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळत असतील तर मालक नेहमीचा भाडेकरू का ठेवेल? न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कडक अंमलबजावणी सुरू केली: तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी नोंदणी सक्तीची, घरमालक स्वतः तिथे राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोघांहून जास्त नकोत. बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर नव्याने दिले जाणार नाहीत. एवढ्याने भाड्याचा प्रश्न सुटणार नाही, पण एका ठरावाने दहा हजार घरं राहणाऱ्यांसाठी परत मिळत असतील तर तेवढी घरं बांधायला लागणारा वेळ आणि पैसा आठवून बघा.

कुठल्या शहराने हे नीट केलंय का?

व्हिएन्नाचं नाव सगळेच घेतात आणि ते योग्यच आहे. १९२३ मध्ये शहराने घरांवर चढता कर बसवला; साध्या घराला नाममात्र, आलिशान घराला जबर. त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं बांधली. त्यांतली कार्ल-मार्क्स-होफ ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे आणि आजही तिथे लोक राहतात. आज पालिकेकडे सुमारे २,२०,००० घरं आहेत. त्यांत सवलतीच्या सहकारी घरांची भर घातली तर शहरातले जवळपास निम्मे लोक नफ्याच्या बाजाराबाहेर राहतात. त्यामुळे खासगी घरमालकालाही भाडं मनमानी वाढवता येत नाही. तिथे शिक्षक, बसचालक, डॉक्टर एकाच वसाहतीत सापडतात, कारण उत्पन्नाची मर्यादा वरच्या पातळीवर ठेवलेली आहे. ‘सरकारी घर म्हणजे गरिबांचं घर’ हा शिक्का बसू न देणं, ही त्या व्यवस्थेची सगळ्यात मोठी ताकद आहे. उणीवही आहे: आधी शहरात काही काळ नोंदणी करून राहिल्याशिवाय अर्ज करता येत नाही, त्यामुळे नव्याने आलेल्या स्थलांतरितांना खासगी बाजाराचाच आधार घ्यावा लागतो.

सिंगापूरने वेगळी वाट घेतली. १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापन केलं, १९६६ च्या कायद्याने जमिनी कमी मोबदल्यात ताब्यात घेतल्या आणि ९९ वर्षांच्या पट्ट्याने घरं विकली. तिथले तीन-चतुर्थांशांहून जास्त रहिवासी या घरांत राहतात.

उलट्या दिशेने गेलेलं उदाहरण ब्रिटनचं. १९८० च्या कायद्याने पालिकेच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेता येऊ लागलं. वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली, लाखो कुटुंबं मालक झाली, आणि विकलेल्या घरांच्या जागी नवी पुरेशी बांधली गेली नाहीत. त्या पिढीला मिळालेलं पुढच्या पिढीला मिळालं नाही.

सरकार काही करत नसेल तर रहिवाशांनी स्वतः काय करायचं?

जमीन बाजारातून बाहेर काढणं हा एक मार्ग आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात नागरी हक्क कार्यकर्त्यांनी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ नावाने जमिनीचा सामूहिक न्यास (ट्रस्ट) उभा केला. नंतर शहरांनी ही पद्धत उचलली. जमीन न्यासाची राहते, घर कुटुंबाचं. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनमध्ये १९८४ मध्ये सुरू झालेल्या न्यासाच्या घरमालकाला घर विकताना स्वतःचे पैसे आणि भाववाढीचा चौथा हिस्सा मिळतो. उरलेला लाभ घराच्या किमतीतच राहतो आणि पुढच्या कुटुंबाला घर परवडतं. २००८ नंतरच्या संकटात अशा न्यासांच्या घरांवर जप्ती येण्याचं प्रमाण बाजारातल्या घरांपेक्षा बरंच कमी होतं.

बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात रहिवाशांच्या संस्थेला १९८८ मध्ये पडीक भूखंड सक्तीने ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला, जो एरवी फक्त सरकारकडे असतो. वॉशिंग्टन शहरात १९८० च्या कायद्याने इमारत विक्रीला निघाली की ती विकत घेण्याची पहिली संधी भाडेकरूंना दिली. या सगळ्यांना चिकाटी, वकील आणि कर्ज लागतं. सगळीकडे जमत नाही. पण जिथे जमलं तिथे काम भाव वाढण्याच्या आधी सुरू झालं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माझं स्वतःचं घर आहे. मला कशाची काळजी?

घराची किंमत वाढली म्हणजे हातात पैसा आला असं नाही. मालमत्ता कर बाजारभावावर असेल तर निवृत्त माणसाला तोच भारी होतो. फिलाडेल्फियाने यासाठी दीर्घकाळ राहणाऱ्या मालकांना करवाढीत सवलत दिली. सवलत मात्र गरजेला जोडलेली हवी. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये सरसकट सगळ्यांच्या करमूल्याची वाढ वर्षाला २ टक्क्यांवर बांधून टाकली. त्याचा मोठा फायदा महागड्या मालमत्तांच्या जुन्या मालकांना झाला.

आणि दारात कोणी रोख रक्कम घेऊन आलं, तर त्याच दिवशी सही करू नका. त्या पैशात दुसरीकडे काय मिळेल हे आधी बघा.

दुकानदारांचं काय होतं?

घरभाडेकरूला निदान काही ठिकाणी संरक्षण असतं, दुकानाच्या भाड्याला बहुतेक देशांत काहीच नसतं. ज्या छोट्या दुकानांमुळे रस्त्याला रंगत येते तीच पहिली उठतात. सोलमधल्या सोंगडोंग जिल्ह्याने २०१५ मध्ये यावर स्वतंत्र नियम केले आणि घरमालकांशी भाडं आवरण्याचे करार केले. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने दुकानदाराला भाडेकरार नूतनीकरण मागता येण्याची मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेली.

घर हा हक्क आहे, असं म्हणणं भाबडेपणाचं नाही का?

आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांबद्दलच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अकराव्या कलमात पुरेशा निवासाचा हक्क लिहिलेला आहे आणि जगातल्या बहुसंख्य देशांनी तो करार मान्य केला आहे. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने त्याचा अर्थ स्पष्ट करताना पहिल्याच निकषात ‘राहण्याची कायदेशीर सुरक्षितता’ धरली. छप्पर, पाणी, जागा हे सगळं त्याच्या पुढे येतं. या विषयावरचे संयुक्त राष्ट्रांचे पहिले विशेष प्रतिवेदक, म्हणजे परिस्थिती तपासून अहवाल देणारे स्वतंत्र तज्ज्ञ, भारतीय वास्तुविशारद मिलून कोठारी होते. त्यांच्या कार्यकाळात विकासकामांसाठी लोकांना उठवण्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली: आधी पर्याय तपासा, लोकांशी बोला, कोणी बेघर होणार नाही याची खात्री करा. यातलं काहीही भाबडं नाही. अंमलबजावणी होत नाही, ही वेगळी तक्रार आहे आणि ती करत राहिली पाहिजे.

मालकाने घर खाली करायला सांगितलंय. आज काय करू?

आधी हे बघा की सांगणं लेखी आहे की तोंडी. तोंडी सांगितलं असेल तर लेखी मागा. बहुतेक कायद्यांत नुसत्या नोटिशीने घर सोडावं लागत नाही. पुढे न्यायालयाची प्रक्रिया असते. घाबरून लोक त्याआधीच निघून जातात, आणि एकदा चावी दिली की बहुतेक हक्क संपतात.

भाडं भरणं थांबवू नका, आणि पावतीशिवाय भरू नका. मालक घेत नसेल तर बँकेतून किंवा टपालाने पाठवा आणि पुरावा ठेवा. करार, पावत्या, वीजबिल, मुलांच्या शाळेचे कागद, म्हणजे तुम्ही किती वर्षं तिथे राहता हे दाखवणारं सगळं एका जागी काढा आणि त्यांचे फोटो दुसऱ्या कोणाकडे ठेवा. पाणी-वीज तोडली, कुलूप बदललं, तर तारीख-वेळ लिहून तक्रार नोंदवा. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा किंवा निदान बेकायदा प्रकार ठरतो. भरपाईच्या कागदावर सही करण्याआधी मोफत कायदा सल्ला केंद्रात दाखवा. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना अशा खटल्यात सरकारी खर्चाने वकील द्यायचं ठरवलं, आणि वकील मिळालेल्या भाडेकरूंपैकी बहुसंख्य आपल्याच घरात राहू शकले.

मग जिन्यातली इतर दारं वाजवा. नोटीस एकट्या तुम्हाला आलेली असण्याची शक्यता फार कमी आहे. त्याच संध्याकाळी जमेल तेवढ्यांना एकत्र बसवा, कोणाचा करार कधी संपतो आणि कोण किती भाडं देतं याची एक यादी करा, आणि मालकाशी यापुढे कोणीही एकट्याने बोलायचं नाही एवढं ठरवूनच उठा.